गेल्या वर्षीची शाल

"हे पीठ तांदळाचं म्हणून दिलंय की प्लास्टरचं?" सुहासिनीताई सुमेधाच्या कानाशी पुटपुटल्या. "कळ्याच पडत नाहीत मेल्या मोदकाला. आणि तो स्लाऊचा दुकानदार म्हणतो, बहेनजी, एकदम फर्स्ट क्लास!"

सुमेधा हसली. हसणं सोपं होतं. हाताला तूप होतं आणि कुणी काही विचारत नव्हतं.

इथल्या मराठी मंडळाने गणपतीसाठी पिनरमधला चर्चचा हॉल घेतला होता. किचनच्या सर्व्हिंगच्या खिडकीतून स्टेज सरळ दिसे. आरती झाली की मुलांचा सत्कार. मंडळाची शाल एकच, कुणीतरी कधीतरी पुण्याहून आणलेली. नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत गेलेल्या मुलाकडे ती वर्षभर राही, आणि पुढच्या गणपतीत त्याने ती आपल्या हाताने नव्या मुलाला पांघरायची. वर दोन शब्द बोलायचे. दर वर्षी नवी शाल कोण आणणार, हा मूळचा काटकसरीचा विचार. त्याची परंपरा मागाहून झाली.

गेल्या वर्षी ती सुमेधाच्या अनुराधाला मिळाली होती. केंब्रिज! डॉक्टर पद्माकरांनी, म्हणजे अनुराधाच्या बाबांनी, हॉस्पिटलात नर्सपासून पोर्टरपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. त्या बिचाऱ्यांनी ते हुंगून, घाबरत घाबरत खाल्ले.

जूनमध्ये अनुराधा सामानासकट घरी आली. चिवड्याचे डबे चिकटपट्टीसुद्धा न काढता परत आले होते. शाल मात्र चोळामोळा झालेली, एका बाजूचे गोंडे एकेक करून उपटलेले. सुमेधाने ती धुतली, पिनरमध्ये ज्याला ऊन म्हणतात त्यात वाळवली, आणि लोकरीचे नवे गोंडे करून लावले. विचारलं काहीच नाही.

"आई, मला ट्रान्स्फर पाहिजे," एवढंच लेक म्हणाली होती. उत्तरेतल्या दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत. तिथे तिची शाळेतली मैत्रीण होती. ऑगस्टमध्ये तिथून फोन आला. दुसऱ्या वर्षाला जागा नाही, हवं तर पुढच्या साली नव्याने अर्ज करून पहिल्यापासून सुरुवात करा, तेव्हाही खात्री देता येणार नाही. सगळं अगदी गोड आवाजात. अनुराधा "ओके, थँक यू" म्हणाली आणि जिन्यावर बसून राहिली.

त्या दिवसापासून घरात सगळे केंब्रिजच्या खोलीवर न्यायच्या केटलविषयी बोलत होते. जुनीच न्यायची की नवी घ्यायची? पद्माकर म्हणत, "पहिलं वर्ष कुणालाही जडच जातं. मी या देशात आलो तेव्हा मला तरी कोण होतं?" मंडळाच्या हरीशने सत्काराचं विचारलं तेव्हा ते हो म्हणून बसले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

काय झालं ते विचारायचं सुमेधाच्या कितीदा ओठांवर येई. पण बोलून पुढे काय? हाड मोडलं असतं तर नवऱ्याने प्लास्टर तरी घातलं असतं. लेकीच्या दाराबाहेर चहाचा कप ठेवायचा आणि गार झाला की उचलायचा, यापलीकडे तिला काही सुचत नव्हतं.

"अनुराधा, ये बाळा!" माइकवर हरीश ओरडला.

स्टेजवर मंडळातल्या वीणाची मुलगी रेखा उभी होती. तीही केंब्रिजलाच निघालेली. आईची पैठणी, जागोजाग पिना, तोंडावर मावत नाही असा आनंद. अनुराधाने शाल उलगडली, रेखाच्या एका खांद्यावर टाकली. नवे गोंडे जरा जास्तच पिवळे झाले होते, हे सुमेधाला आत्ता दिसलं.

"आता रेखाला सांग, पहिलं वर्ष कसं गेलं?" हरीशने माइक पुढे केला. "आणि मराठीत हं!"

लोक हसले. पद्माकर पहिल्या रांगेत कॅमेरा डोळ्याला लावून तयार होते.

अनुराधाने किचनच्या खिडकीकडे पाहिलं. सुमेधाच्या हातात अर्धा वळलेला मोदक. ठेवता येईना, मिटता येईना.

"मला नाही आवडला," अनुराधा म्हणाली. "सगळा वर्ष मी खोलीत बसली." शालीचं दुसरं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. "मी परत नाही जाऊ शकत, बाबा. आणि दुसरीकडे पण मला कोणी घेत नाही."