एकोणीस घरांच्या सह्या

आई गेल्यावर मला मार्गिता मावशीनं वाढवलं, ओढ्यापलीकडच्या आमच्या रोमा, म्हणजे जिप्सी लोकांच्या वस्तीत. एकोणीस घरं, सगळी फळ्यांची आणि पत्र्यांची. वस्तीत शाळा पुरी केलेली मी एकटीच, म्हणून सरपंच हुडाकनं मला पंचायतीत घेतलं. आमच्या लोकांना गावात सामावून घ्यायची युरोपातून आलेली कुठलीशी योजना होती, तिची मी सहायिका.

नोकरीला दोन वर्षं झाली आणि गावाच्या वरच्या अंगाला बारा घरांची इमारत उभी राहिली. बाहेर पाटी होती, 'रोमा कुटुंबांसाठी'. सप्टेंबरात हुडाकनं माझ्यापुढे कागद ठेवले.

"आरांका, घरटी एक सही आण. तुझं ऐकतील. मी गेलो तर अंगावर कुत्री सोडतील."

मी कागद वाचला. विनापरवाना बांधलेलं घर आम्ही स्वखुशीनं सोडतो, बदल्यात कशावरही हक्क सांगणार नाही.

"यात नव्या घरांचं काहीच नाही," मी म्हटलं.

"ती वकिलांची भाषा गं. जागा मोकळी झाल्याशिवाय किल्ल्या कशा देऊ? यादीत पहिलं नाव तुझंच आहे."

शेवटचं वाक्य मला नीट ऐकू आलं. बाकीचं मी सोडून दिलं.

मावशी तव्यावर भाकरी टाकत होती. मी नव्या घराचं सांगितलं.

"टब असेल का गं आंघोळीला?"

"असेल. नळाला गरम पाणी."

"आणि माझ्या कोंबड्या?"

"त्यांनाही एक टब मागू."

ती खो खो हसली. मग हात पुसत म्हणाली, "तू वाचलंस ना सगळं?"

"वाचलं."

तिला स्वतःच्या नावापुरतंच लिहिता यायचं. दातांत जीभ धरून तिनं ते लिहिलं. मार्गितानं सही केली म्हटल्यावर बाकीच्या अठरा घरांनी दुपारपर्यंत केल्या.

नोव्हेंबरात सकाळी आठला बुलडोझर आला. पोरं शाळेत होती. हुडाकबरोबर दोन पोलीस होते, हातात माझेच कागद. शेजारचा वेंडेलिन ओरडला, "किल्ल्या कुठायत?"

"अर्ज करा," हुडाक म्हणाला. "सलग दोन वर्षं नोकरी केल्याचा दाखला जोडा."

तसा दाखला वस्तीत माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता.

ड्रायव्हर हॉर्न वाजवून कोंबड्या पळवत होता आणि पोलीस पोट धरून हसत होते. मावशीनं गादी बाहेर ओढली. चुलीवर कोबीचं सूप राहिलं होतं. छत कोसळल्यावरही पत्र्यांखालून बराच वेळ वाफ येत होती. दुपारी पोरं शाळेतून आली आणि आपापलं घर कुठलं होतं यावरून भांडायला लागली.

मला पहिल्या मजल्यावरचं घर मिळालं. उरलेली अकरा गावातल्या गोऱ्यांना. उद्घाटनाला हुडाकनं माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

जानेवारीत राजधानीतून, ब्रातिस्लाव्हाहून, एक वकीलबाई आली. तिनं सगळ्यांच्या वतीनं दावा लावला. मला म्हणाली, "लोकांना काय सांगून सह्या घेतल्या, एवढंच खरं सांगा. सगळं तुमच्यावर आहे."

तारखेच्या आदल्या दिवशी हुडाक घरी आला. पडद्यांना हात लावून पाहिला. "छान लावलेस. टिकले पाहिजेत," म्हणाला आणि गेला.

कोर्टात मी म्हटलं, "कागद मी प्रत्येकाला शब्द न् शब्द वाचून दाखवला होता."

वेंडेलिननं मला शिवी घातली. त्याला बाहेर काढलं. मग न्यायाधीशानं मावशीला उभं केलं. घर गेल्यापासून ती लांबच्या गावात नणंदेच्या चाऱ्याच्या खोलीत राहत होती. खोकल्यानं वाकली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. वकीलबाईनं तिला प्रश्न दोनदा विचारला.

"वाचला होता तिनं," मावशी म्हणाली. "मला कमी ऐकू येतं, माझाच घोटाळा झाला. सह्या करा म्हणून सगळ्यांना मीच सांगितलं."

दावा तिथंच बुडाला.

कोर्टाच्या खोलीबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, मी तिची बाही धरली. "मावशी, माझ्याकडे चल. खोली रिकामी आहे."

"सोड," ती म्हणाली. "तुला उघड्यावर पडू देणार नाही, असा तुझ्या आईला शब्द दिला होता. तिचं माझं फिटलं. आता तू माझी कुणी नाहीस."

जिन्याखाली वस्तीतली माणसं उभी होती. मावशी खाली उतरली तशी त्यांनी वाट दिली. पण ज्या गाडीतून तिला आणलं होतं, तिचं दार तिच्या तोंडावर लावून घेतलं. ती बर्फातून एकटीच स्टेशनाकडे चालत गेली. मी जिन्यावरच्या खिडकीतून पाहत राहिले.

मार्चमध्ये ती गेली. मला कुणी कळवलं नाही. पंचायतीबाहेरच्या फळ्यावर मृत्यूच्या सूचना लागतात, तिथं तिचं नाव वाचलं.

हुडाक म्हणाला, "मातीला जायचं असेल तर अर्धी रजा घे."

मी गेले नाही.