पन्हळीतलं प्रवचन

नदीवरून कालवा पलीकडे नेणारा आमचा दगडी पूल, त्याला आमच्या हॅसलो गावात सगळे पन्हळ म्हणतात. त्या जूनमध्ये ती गळू लागली. मग दोन्ही टोकांना फळ्या टाकून पाणी अडवलं आणि पन्हळ रिकामी केली. दुरुस्ती माझ्या थोरल्या भावाकडे, एनॉककडे आली. चिकणमाती भिजवायची, फावड्यानं कापायची, थरावर थर घालायचा आणि प्रत्येक थर बुटांनी तुडवून एकजीव करायचा. मग त्यातून पाणी खाली जात नाही. आमचे वडीलही हेच करायचे.

एनॉक आठवडाभर माती तुडवायचा आणि रविवारी चॅपेलमध्ये प्रवचन करायचा. तो आधी बोलायचा. बोलता बोलता आवाज चढायचा, शब्दाला सूर फुटायचा, आणि आपण ऐकतोय की गातोय हेच कळेनासं व्हायचं. त्याची ओळ बायकांच्या बाकावरून मी उचलायची, मग सगळं चॅपेल उचलायचं. देवाची कृपा मी आजारपणात पाहिली, भाकरीत पाहिली. पण सुरावरून येते तेव्हा ती जशी पोचते तशी एरवी नाही.

पन्हळ बंद, म्हणून नावा खोळंबल्या होत्या. त्यांत सफायरा ग्रिंटची कोळशाची नाव सगळ्यांत पुढे. हिवाळ्यात तिचा नवरा गेला. नावेच्या मालकानं तिला बजावलं होतं, ही खेप मंगळवारपर्यंत गोदीला लागली तर नाव तुझ्याकडे ठेवतो, नाहीतर दुसऱ्याला देतो. नाव म्हणजे तिचं घर. तिची मुलं नावेवरच्याच हातभर रुंद खोलीत जन्मली होती. एनॉकनं तिला शब्द दिला, "सोमवारी सकाळी पाणी सोडतो. पहिली नाव तुझी."

शनिवारी शेवटच्या थराची माती घेऊन येणाऱ्या गाडीचा आस चढणीवर मोडला. माती आली तेव्हा सूर्य टेकला होता. माणसांनी ती घाईघाईनं पसरली आणि हात धुतले. सगळे चॅपेलचे; रविवारी काम म्हणजे पाप, हे त्यांना कोणी सांगायला नको.

रविवारी सकाळी पूर्वेचा कोरडा वारा सुटला. मी पन्हळीच्या काठाशी गेले तर एनॉक आत वाकून बसला होता. न तुडवलेल्या थराला केसासारख्या भेगा पडू लागल्या होत्या.

"नुसतं पाणी शिंपडून नाही का चालणार?" मी विचारलं.

"शिंपडलं तर वरवर चिखल होईल, खालच्या थराला धरणार नाही. उद्या पाणी सोडलं की पुन्हा गळेल. आज संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर सगळा थर उकरून पहिल्यापासून करावा लागेल, केझाया."

"मग सफायरा?"

तो गुडघे झाडत उठला आणि थेट चॅपेलच्या दारात जाऊन उभा राहिला. लोक जमत होते.

"आजचं प्रवचन पन्हळीत," तो म्हणाला. "बूट घालून या. गाताना पाय हलवायचे."

चॅपेलचे कारभारी ओबडाया पेंबल पुढे आले. काळा कोट, चकचकीत बूट. "बंधू एनॉक, ही पळवाट आहे."

"पळवाट लपून काढतात, बंधू. मला ती माती आज तुडवायची आहे, हे मी पहाटे देवाला सांगितलं, आता तुम्हाला सांगतोय. एका विधवेचं घर त्या मातीवर आहे. तिला बेघर करून मी इथं दयेवर बोलू?"

"आणि ज्याला हे पटत नाही त्यानं?"

"त्यानं चॅपेलमध्ये बसावं. केझाया किल्ली देईल."

"एकट्यानं गाऊ का मी तिथं?"

"आवाज बरा आहे तुमचा," एनॉक म्हणाला, आणि बायका तोंडावर हात ठेवून हसल्या.

ओबडाया पुटपुटत का होईना, आले. आम्ही बादल्यांनी पाणी ओतलं आणि रिकाम्या पन्हळीत रांगांनी उभे राहिलो. दोन्ही बाजूंना दगडी काठ, वर आभाळ. नावाडी आपापल्या नावांवरून बघत होते. ते चॅपेलमध्ये कधी येत नसत. त्यांच्या बुटांना माती असते आणि आमच्या फरशीला ती चालत नाही, असं कोणीतरी कधीतरी त्यांना ऐकवलं होतं.

एनॉकनं नेहमीचं स्तोत्र धरलं. गंभीर, संथ. सूर छान लागले, पण पाय? एका ओळीला एक पाऊल. आम्ही जागच्या जागी रुतू लागलो. वारा काठाकडून माती सुकवतच होता.

"अहो पाद्रीबाबा!" सफायरा नावेवरून ओरडली. "ह्या चालीनं तुडवलंत तर माझ्या नातवंडांना पाणी मिळेल!"

"मग तू सांग चाल!" एनॉक ओरडला.

तिनं खोलीतून कॉन्सर्टिना, हातात धरून वाजवायची भात्याची छोटी पेटी, आणली, फळीवरून खाली उतरली आणि एक नाचाची धून सुरू केली. शनिवारी दारूच्या गुत्त्यासमोर नावाडी जिच्यावर टाचा आपटतात, तीच.

"हा गुत्त्यातला सूर आहे!" ओबडाया किंचाळले.

एनॉकनं हात वर केला. मला वाटलं, थांबवतो आता. पण तो मान हलवत होता. मग त्यानं त्याच धुनेवर प्रवचन उचललं:

"घेतली माती देवानं, मळली आपल्या हातानं,
भेगा होत्या जागोजागी, बुजल्या त्याच्या पायानं!"

मी ओळ उचलली. बायकांनी उचलली. आणि पाय! असे पाय आमच्या चॅपेलनं कधी हलवले नव्हते. मधेच तो बोलायचा, "कोरडी माती एकमेकींना धरत नाही, बहिणींनो! तशी कोरडी माणसंही!" आणि पुन्हा सूर. नावाडी एकेक करून खाली उतरले. टाचा कशा मारायच्या हे त्यांनी आम्हाला दाखवलं. इथली जमीन आधीच चिखलाची, त्यांच्या बुटांना नावं कोण ठेवणार?

ओबडाया मात्र एका जागी ताठ उभे होते, त्यामुळे व्हायचं तेच झालं. पाऊल उचललं तर पाय वर आला, बूट खालीच राहिला. सफायरानं वाकून तो ओढून काढला.

"बंधू, तुमचा बूट तर आमच्यात मिसळला. तुम्ही कधी मिसळताय?"

त्यांनी बुटाकडे पाहिलं, चिखलानं भरलेल्या मोज्याकडे पाहिलं. मग दुसरा बूटही काढला, दोन्ही काठावर नीट ठेवले आणि तुडवू लागले. आवाज खरंच बरा होता त्यांचा.

दुपारपर्यंत थर एकजीव झाला. ओली पोती अंथरून आम्ही घरी गेलो.

सोमवारी सकाळी पोती काढली, फळ्या उचलल्या. पाणी हळूहळू पन्हळीत शिरलं, भरलं, काठाशी आलं. एनॉक खाली नदीकाठी कमानीखाली उभा होता. मी त्याच्याजवळ गेले. तो दगडाला तळहात लावून उभा, डोळे मिटलेले. गळती असली तर ती आधी इथंच हाताला लागली असती. वरून सफायराची नाव ओढणाऱ्या घोड्याचे खूर ऐकू आले. ती आमच्या हाकेसाठी थांबली होती.

पलीकडून आवाज आला, "इकडे कोरडं आहे." बघते तर दुसऱ्या कमानीला हात लावून ओबडाया पेंबल उभे.

"इकडेही," एनॉक म्हणाला, आणि वर तोंड करून हाक मारली, "चल गं, सफायरा!"

घोड्यानं दोरी ताणली. नाव आमच्या डोक्यावरून, आमच्या मातीवरून, नदी ओलांडून निघाली. पलीकडचं लॉक, म्हणजे नाव वरखाली करायचा दारांचा हौद, मी सांभाळते, म्हणून धावत पुढे गेले. दाराचा दांडा जड असतो. पाठीनं रेटू लागले तर शेजारी कोणीतरी पाठ लावली. काळा कोट होता.

नाव आत आली. सफायरानं त्यांच्याकडे पाहिलं, ओठ दाबले.

"बूट वाळले का, बंधू?"

"अजून नाही," ओबडाया म्हणाले. "येत्या रविवारी तेच घालून येणार आहे. परत फिरशील तेव्हा तूही तुझे घालून ये. चॅपेलच्या आत."