पुढचे दोन दात

"आजी, एकदा मोकळं हसा. ओठ किती वर जातोय ते बघू दे," डॉक्टर उत्कर्षा म्हणाली. पोर्सिलीनचे दोन नवे दात तिने कुशाबाईंच्या तोंडात नुसते टेकवून पाहिले होते. सिमेंट लावून पक्के करायचे तेवढे बाकी होते.

कुशाबाईंना हसू येईना.

"आये, हस की गं," त्यांचा मुलगा रणजित कोपऱ्यातून म्हणाला. "परवा फोटोवाला यायचाय. आबांच्या शेजारी तू हसतीयास असाच फोटो फ्लेक्सवर पायजे."

भवानीनगरच्या चौकात आबांच्या, म्हणजे कुशाबाईंचे मालक हिंदुराव यांच्या अमृतमहोत्सवाचा फ्लेक्स लागणार होता. त्यावर बायकोच्या तोंडात खिंडार कसं चालेल? एरवी ते वर्षानुवर्षं चाललं होतं. कुशाबाई भाकरी दाढेनं कुरतडून खात, तेव्हा कुणाला बारामतीचा दवाखाना आठवला नव्हता. तोंडावरचा पदर त्या कधी ढळू देत नसत, आणि अख्खी आळी लेकीसुनांना सांगे, मर्यादा शिकावी ती कुशाबाईंकडून. कसली मर्यादा अन् कसलं काय! पदराआड दोन फुटके दात होते.

"तुटले कसे होते हे?" डॉक्टरने दात काढून ट्रेमध्ये ठेवले. "ऊस दातानं सोलता का? तसं असेल तर हेही टिकणार नाहीत, म्हणून विचारते."

"विहिरीच्या पायरीवर घसरली हुती," रणजित चटकन म्हणाला.

दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या हिंदुरावांनी मान डोलावली. "व्हय. शेवाळ हुतं."

कुशाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. विहिरीची थाप त्यांनीच घराची अब्रू म्हणून जन्मभर सांगितली होती. पण या माणसानं त्यांच्यादेखत त्या थापेला शेवाळ लावावं?

"तांब्यानं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तांब्यानं तुटलं. ह्यांनी फेकून मारला." त्या खुर्चीत ताठ बसल्या. "कारखान्यातलं पावणं जेवाय आलं हुतं. कुणीतरी गमतीचं बोललं, आन मला सैपाकघरात हसू फुटलं. मोठ्यानं. पावणं गेल्यावर ह्यांनी तांब्या घातला. बाईमाणसाचा आवाज भाईर गेला म्हणून. आन आता म्हणत्यात, हस!"



"आये, कशाला आता ते..."

"तू तर बोलूच नगंस! दारात हुतास तू. शाळंत जायाचास. तवा रडत रडत मला पाणी आणून दिलंस, आन आज विहिरीत ढकलतूस व्हय?"

रणजितचं तोंड उतरलं. खिशातला मोबाइल न वाजताच त्यानं कानाला लावला आणि तो बाहेर निघून गेला.

"हळू बोल," हिंदुराव पुटपुटले. "भाईर वळखीची माणसं हायेत."

"ऐकू द्या की!"

डॉक्टरने मास्क खाली केला. हिंदुरावांकडे तिने पाहिलंदेखील नाही. "आजी, आज बसवू का? नको असेल तर थांबू."

"बसवा बाई. फोटोबिटोसाठी न्हाय. मला भाकरी तोडून खायाचीय."

दात बसले. डॉक्टरने दातांवर कापसाची गुंडाळी ठेवली. "आवळून धरा. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही."

हे ऐकलं आणि हिंदुरावांना वाचा फुटली. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"हे बघा डॉक्टर, तवाचा काळच येगळा हुता. घरोघरी असंच चालायचं. आमचं डोकं जरा तापट, पण मनात काय नसायचं. हिला काय कमी केलं मी? अंगावर सोनं घातलं. आमच्या आईनं तर ह्याच्यापेक्षा किती सोसलं, पर कधी असं चारचौघांत..."

कुशाबाईंनी बोटानं कापूस बाहेर काढला.

"आजी, अहो अजून सिमेंट ओलं आहे!"

"गप बसा," कुशाबाई म्हणाल्या. डॉक्टरला नव्हे. उभ्या संसारात नवऱ्याचं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच अर्ध्यावर तोडलं होतं.

हिंदुरावांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग हळूहळू तोंड मिटलं.

कुशाबाईंनी कापूस पुन्हा दातांखाली धरला आणि आवळला.