निल्साचा पॉवर सप्लाय

पॅराग्वेतल्या स्यूदाद देल एस्ते शहराच्या बाजारात वालीदचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान तिसऱ्या मजल्यावर आहे. निल्सा आणि तिचा मोठा भाऊ डेर्लिस तिथे शनिवारी सकाळीच पोचले. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून निल्सानं गेमिंगच्या कॉम्प्युटरसाठी पैसे साठवले होते, आणि कुठला प्रोसेसर, कुठलं ग्राफिक्स कार्ड हे सगळं तिचं तीच ठरवून आली होती.

"सप्लाय साधा घे गं," वालीद म्हणाला. "उरलेल्यात रंगीत दिव्यांचं कॅबिनेट देतो. आतला डबा कोण बघायला येतंय?"

"दिवे माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात आहेत," निल्सा म्हणाली. "साध्याला खेळाच्या जोराला वीज पुरत नाही, मशीन बंद पडतं. मला साडेसातशे वॅटचा दाखवा. वायरी सुट्या निघणारा."

डेर्लिस हसला. "ऐकणार नाही ती. द्या."

सोमवारी ती कामावर असताना डेर्लिसनंच मशीन जोडलं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा तो, हात सफाईदार. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पडद्यावर तिचं नाव झळकत होतं. तिनं त्याच्या गळ्यात हातच टाकले.

पण खेळ रंगात आला, पडद्यावर धूर आणि स्फोट सुरू झाले, की मशीन पटकन बंद पडायचं आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचं.

"उकाडा बघ किती आहे," डेर्लिस म्हणायचा. "पंखा लाव. खेळातली चित्रं जरा हलकी ठेव." कधी म्हणायचा, "आपल्या घरातल्या वायरी आजोबांच्या काळातल्या. एवढं विजेचं धरण उशाशी असून काय उपयोग?"

निल्सानं पंखा लावला, चित्रं हलकी केली, शेजारच्या खोलीतून वेगळी वायर ओढली. काही फरक पडेना.

त्याच सुमारास रोसिओ नावाच्या मुलीच्या गेमिंग संघात एक जागा रिकामी झाली. शहरातला सगळ्यात चांगला संघ तो. निल्साला चाचणीला बोलावलं. डेर्लिस तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. पहिला डाव तिनं एकटीच्या जोरावर जिंकून दिला. दुसऱ्यात, शेवटच्या चढाईला, पडदा काळा झाला. तिसऱ्यातही तेच.

"वाईट वाटतं," रोसिओ म्हणाली. "पण ऐन वेळी गायब होणारी मुलगी मी घेऊ कशी?"

निल्सा रडली. डेर्लिसनं तिला बर्फाच्या पाण्यातला तेरेरे चहा करून दिला, डोक्यावर हात फिरवला. पुढच्या आठवड्यात त्यानंही चाचणी दिली आणि ती जागा त्याला मिळाली. "निदान जागा घरात तरी आली," असं म्हणत आईनं त्या दिवशी मक्याच्या पिठाचा चीज घातलेला पाव भाजला.

मग एका रविवारी निल्सा नवी डिस्क लावायला बसली. डेर्लिस बाहेर गेला होता. कॅबिनेटच्या तळाचं झाकण काढलं, तर आतल्या सप्लायला वायरींचा जाड जुडगा कायमचा चिकटलेला. सुट्या निघणाऱ्या वायरींचा पत्ताच नाही.

वालीदनं फसवलं, हेच तिच्या मनात आलं. फोनही उचलला. तेवढ्यात डब्याच्या कडेला अर्धवट खरवडलेला लाल-निळा स्टिकर दिसला. डेर्लिसच्या आवडत्या फुटबॉल क्लबचा. शाळेत असताना त्यानं आपल्या कॉम्प्युटरला आतबाहेर ते चिकटवले होते.

तिनं फोन ठेवला, त्याच्या खोलीत गेली, त्याचं मशीन उघडलं. तिचा सप्लाय तिथे होता. नवाकोरा.

डेर्लिस जेवायला आला तेव्हा दोन्ही सप्लाय टेबलावर उकडलेल्या मांदिओका कंदांच्या ताटाशेजारी ठेवलेले होते. तो दारातच थबकला.

"मला वाटलं, तुला तेवढा लागणार नाही."

"चाचणीच्या दिवशी माझ्या मागे उभा होतास. मशीन का बंद पडतंय, तुला माहीत होतं."

तो चपला काढू लागला.

"बोल ना!"

"मी मागितला असता, तर दिला असतास का?" त्यानं विचारलं.

"नसता दिला."

"म्हणूनच विचारलं नाही."

आईनं पळी खाली ठेवली. "एका डब्यासाठी भावाशी भांडतेस? मला सांगितलं होतं त्यानं. मीच म्हटलं, तिला कशाला सांगतोस, उगाच जीव खाईल."

निल्सा आईकडे बघतच राहिली. ती पंखा लावत होती, वायरी ओढत होती, तेव्हा आई त्याच खोलीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. वायर पुरेना म्हणून आईनंच टेबल सरकवायला हात लावला होता.

त्या दुपारी निल्सानं मशीन टॅक्सीत घातलं आणि मावशीकडे राहायला गेली. सप्लाय स्वतःच्या हातानं बसवला. रोसिओला सगळं खरं सांगितलं. रोसिओनं पुन्हा चाचणी घेतली, मशीन एकदाही अडखळलं नाही, आणि संघात तिच्यासाठी जागा केली. त्याच संघात डेर्लिसही होताच, कुठूनसा दुसरा सप्लाय मिळवून.

पहिल्याच सामन्यात कानातल्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, "निल्सा, डावीकडून येतायत! डावीकडे!"

ती उजवीकडे वळली.

शत्रू डावीकडूनच आले होते. संघ हरला.

"तो बरोबर सांगत होता," रोसिओ चिडून म्हणाली. "ऐकलं का नाहीस?"

"ऐकलं होतं," निल्सा म्हणाली. "पण आवाज त्याचा होता." तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. डेर्लिस काहीतरी बोलत होता. हेडफोनमधून त्याचा बारीक आवाज येत राहिला. थोड्या वेळानं तिनं रोसिओला फोन करून सांगितलं, की माझ्यासाठी दुसरा संघ बघ, कुठलाही चालेल.