काचेवरचं गोपीचंदन

कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैच्या देवळातल्या एका उंच उंबऱ्यापाशी वाकून वेदवती वितीनं माप घेत होत्या, तेवढ्यात पिशवीतला फोन किणकिणला. त्यांनी आधी माप पुरं केलं. दीड वीत आणि वर चार बोटं, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यानं डावीकडच्या खांबाला धरूनच ओलांडावं. हे मनाशी पक्कं झाल्यावरच त्यांनी चष्मा बदलला आणि फोन पाहिला. हातातलं काम टाकून फोनकडे धावणाऱ्या लोकांविषयी त्यांचं मत मुळीच चांगलं नव्हतं.

फोनवर आलेलं पत्र जाहिरातींच्या कंपनीचं होतं. तुमच्या वेबसाइटच्या पानावरच्या जाहिराती वाचकांनी सरळपणे दाबलेल्या नाहीत, त्यात लबाडी दिसते, म्हणून तुमचं खातं बंद करत आहोत, असा त्याचा अर्थ होता. तक्रार असेल तर एकदाच कळवता येईल, असं खाली म्हटलं होतं.

वेदवतींनी ते दोनदा वाचलं. त्यांनी पदर खोचला आणि देवाला नमस्कार करून त्या बस पकडायला निघाल्या. लबाडी हा शब्द आजवर त्यांना कोणी लावला नव्हता, आणि लावणाऱ्याला उत्तर कसं द्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. कुंभकोणमच्या अर्ध्या वकिलांचे अर्ज त्यांच्या हाताखालून गेले होते.

महामहम तलावामागच्या गल्लीत त्यांची टायपिंगची संस्था होती. पोरापोरींनी भरलेल्या त्या खोलीत वेदवती टीचर नुसत्या आवाजावरून कोणाचं बोट चुकलं ते सांगत. पुढे संगणक आले, मुलं येईनाशी झाली, आणि एक दिवस भंगारवाल्यानं सगळी यंत्रं तराजूवर घातली. तोवर वेदवतींनी कधी कोणापुढे हात पसरला नव्हता. त्यानंतर मात्र केसात माळायच्या फुलांसाठीसुद्धा नवऱ्याकडे मागायची वेळ आली. वेणुगोपाळराव नाही म्हणत नसत. ते खिशातून पैसे काढून देत आणि पुन्हा पेपरात डोकं घालत. पण मागावं लागतं, हेच वेदवतींना खात होतं.

त्यातून 'मेदुवा' निघालं. मेदुवा म्हणजे तमिळमध्ये सावकाश. कुंभकोणमच्या आसपासची देवळं बघायला लोक गाड्या भरभरून येतात, आणि प्रत्येक गाडीत एखादी तरी म्हातारी असते जिला पायऱ्या चढवत नाहीत. त्या म्हातारीसाठी वेदवती लिहू लागल्या. कुठे किती चढायचं, टेकायला कट्टा कुठे, स्वच्छतागृह कुठे, दुपारी दार कधी बंद होतं, सगळं तमिळ आणि इंग्रजीत. चेन्नईच्या भाचीनं, सुप्रजानं, साइट उभी करून दिली आणि तिच्यावर जाहिरातीही लावून दिल्या. कोणी वाचणारा जाहिरातीवर बोट ठेवून आत गेला, की वेदवतींच्या खात्यात थोडे पैसे पडायचे. आपल्या पानावरच्या जाहिराती आपण दाबायच्या नाहीत, घरच्यांनी तर नाहीच, हा त्या धंद्यातला पहिला नियम. सुप्रजानं तो सांगितला तेव्हा वेदवती हसल्या होत्या. घरच्यांची काळजी तू करूच नको, आमच्या घरचा माणूस तिकडे फिरकतसुद्धा नाही, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

पहिले पैसे आले त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "बरें," असं घरच्या तंजावरी मराठीत म्हणून वेणुगोपाळरावांनी पेपराचं पान उलटलं. या माणसाच्या तोंडून कौतुक ऐकायचं तर दुसरा जन्म घ्यावा लागला असता. जेवण उत्तम झालं तर ते बोलत नसत आणि बिघडलं तरी बोलत नसत, त्यामुळे इतक्या वर्षांत वेदवतींना आपल्या हाताला चव आहे की नाही हे शेजाऱ्यांकडून कळत आलं होतं.

मेलकावेरीला घरी पोचल्यावर त्यांनी सुप्रजाला फोन लावला. सुप्रजा घाबरली, मग व्यवहारी झाली. घरातून कोणी दाबत होतं का, असं कंपनी विचारणार. कोणी नाही, म्हणून ठणकावून लिही मामी, तरच खातं परत उघडायची आशा आहे, असं ती म्हणाली. त्यात ठणकवायचं काय, आहे तेच लिहायचं आहे, असं वेदवतींनी तिला सांगितलं आणि टॅब पुढे ओढला.

टॅबच्या काचेवर नेहमीसारखे पिवळट डाग होते. पूजा झाली की वेणुगोपाळराव ओल्या गोपीचंदनाच्या बोटांनी टॅबवर पंचांग बघत, आणि वेदवती रोज चिडून ते डाग पुसत. आजही त्यांनी पदरानं काच पुसली, चार शब्द पुटपुटल्या आणि लिहायला बसल्या.

अर्ज झकास उतरला. मी निवृत्त टायपिंग शिक्षिका आहे, माझी प्रत्येक ओळ मी स्वतः देवळात जाऊन मोजूनमापून लिहिते, असं सुरुवातीला होतं. पुढे, लबाडीचा आरोप मला अमान्य आहे. आणि मग त्यांच्या मते सगळ्यात भक्कम वाक्य होतं. माझ्या घरात ही साइट माझ्याखेरीज कोणी बघतसुद्धा नाही.

संस्थेत महत्त्वाचा मजकूर धाडण्यापूर्वी एकानं मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं ऐकत तपासायचा, अशी रीत होती. सहकारी सोसायटीतलं ऑफिस सुटलं की वेणुगोपाळराव संध्याकाळी तिथे येत आणि हातात मूळ कागद धरून बसत. नवराबायकोचं सलग बोलणं म्हणावं तर तेवढंच व्हायचं, तेही दुसऱ्यांच्या खरेदीखतांविषयी. त्या सवयीनं वेदवतींनी त्यांना हाक मारली. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले.

शेवटच्या वाक्याला त्यांनी डोळे उघडले.

"तें चूक आहे, वेदा."

"कसाला चूक? शब्द चुकला?"

"शब्द नव्हे. कोणी बघत नाही म्हणून लिहिलीस. मी बघतों की. रोज बघतों."

वेदवतींनी टॅब खाली ठेवला. वेणुगोपाळराव जरा संकोचले, पण एकदा तोंड उघडलं होतं, तर त्यांनी सगळं सांगून टाकलं. पूजा झाली की ते टॅब घेऊन बसत. आदल्या दिवशी वेदवतींनी जे लिहिलं असेल ते आधी सगळं वाचत. मग पानावर जेवढ्या जाहिराती असत, तेवढ्या एकेक करून दाबत. गुडघ्याच्या तेलाची, वधूवरांची, मलेशियाच्या सहलीची.

"सिमेंटची पण," ते म्हणाले. "घर कोण बांधतें आतां? पण त्या एकाला कसाला सोडायचें? तुज पैसे येतात की."

वेदवतींच्या डोक्यात संतापाचा भडका उडाला. ह्या भल्या माणसानं रोज देवापुढून उठून, शुचिर्भूत होऊन, आपलं दुकान बुडवलं होतं. नियम आपण त्यांना कधी सांगितला नाही, कारण सांगण्याजोगं काही आहे असं आपल्याला वाटलंच नाही, हेही त्याच क्षणी लक्षात आलं. आणि त्या संतापाच्या खालून दुसरंच काही वर येऊ लागलं. त्याची त्यांना सवय नव्हती. हा माणूस आपलं लिहिलेलं वाचतो. रोज, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"तें स्वामीमलैच्या देवळाचें छान लिहिलीस," वेणुगोपाळराव जमिनीकडे बघत म्हणाले. "वाटेंत कट्ट्यावर बसावें, वारा येतो, म्हणून. माझी अम्मा असती तर तिज वाचून दाखवलों असतों."

जिभेवर आलेलं वेदवतींनी गिळलं. त्यांच्या स्वभावाला हे धरून नव्हतं. पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा झाला होता, आणि त्या चेहऱ्यावर पाणी ओतायला त्यांचा हात उचलेना.

"हें घाल अर्जांत," ते उत्साहानं म्हणाले. "घरचे पण बघतात म्हण्टलें तर कंपनीला भरंवसा येईल."

ते झोपाळ्याकडे गेल्यावर वेदवती बराच वेळ त्या वाक्यापुढे बसून राहिल्या. आहे तसं धाडलं, तर खातं परत मिळायची आशा होती. कंपनीला खरंखोटं कुठे कळणार होतं? सुप्रजानं तर तेच लिहायला सांगितलं होतं. पण घरात कोणी बघतसुद्धा नाही, हे वाक्य आता त्यांच्या डोळ्यांना टोचू लागलं. आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं ठरलं होतं, आणि नेमकं आजच ते आपण सही करून जगाला कळवायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. फुलांचे पैसे मागावे लागले तरी चालतील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि सांगताना त्यांना वाईट वाटलं, खूपच वाटलं.

त्यांनी वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. माझे यजमान ही साइट रोज सकाळी वाचतात, आणि माझ्याविषयीच्या आपुलकीनं सगळ्या जाहिराती दाबतात. त्यांना नियम माहीत नव्हता, कारण मी तो सांगितला नव्हता. मग त्यांनी अर्ज धाडून दिला.

उत्तर दोन ओळींत आलं. खातं कायमचं बंद. सुप्रजानं फोनवर कपाळ बडवून घेतलं. वेणुगोपाळरावांनी विचारलं तेव्हा, लहान गावच्या साइटी त्यांना नकोत, एवढंच वेदवतींनी सांगितलं. "मोठी चूक करतात," असं म्हणून ते कंपनीवर दोन दिवस रागावून होते.

साइटवर जाहिरातींच्या जागी पांढरे चौकोन उरले. वेदवतींना ते बघवेनात. तिसऱ्या दिवशी त्यांनी चांगली साडी नेसली, स्वामीमलैची बस पकडली आणि मूर्ती ओतणाऱ्या महालिंगाच्या कारखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. महालिंग एके काळी त्यांच्याकडे टायपिंगला होता आणि तीनदा नापास झाला होता. टीचरना दारात बघताच हातातली कानस टाकून तो उठला. तुमच्या साइटवर वाचून आलेल्या म्हाताऱ्या माझ्याच कट्ट्यावर बसतात, आणि त्यांची मुलं तेवढ्यात एखादा दिवा विकत घेऊन जातात, असं त्यानं आपणहून सांगितलं. मग साइटवर तुझी जाहिरात लावते, त्या जागेचं भाडं दे, म्हणाल्या वेदवती. वर्षाचं एकदम, आधी. महालिंगानं विचारलं, किती जणांनी दाबलं याचा हिशेब कसा करायचा?

"हिशेब नाही," वेदवतींनी त्याला तमिळमध्ये ठासून सांगितलं. "कोणी कितीही वेळा दाबू दे. पैसे तेवढेच."

जाहिरातींच्या पैशांच्या मानानं रक्कम लहान होती, पण फुलांना पुरून उरेल एवढी होती. परतताना त्यांनी बसस्टँडवर मोठा गजरा घेतला, स्वतःच्या पैशानं, घासाघीस न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात फिल्टरची कापी गाळताना त्यांना देवघराबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दाराआडून त्यांनी पाहिलं. कपाळावर, दंडांवर ओलं गोपीचंदन लावलेले वेणुगोपाळराव टॅब मांडीवर घेऊन साक्कोट्टैच्या उंबऱ्याविषयीचा मजकूर वाचत होते, ओठ हलवत, सावकाश. वाचून झालं. मग पान चाळता चाळता त्यांना महालिंगाच्या जाहिरातीतला पितळी दिवा दिसला. ते थबकले, एकदा स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि बोट पुढे करून तो दाबला. क्षणभर थांबून पुन्हा दाबला.

त्यांनी टॅब जागेवर ठेवला, तेव्हा वेदवती कापी घेऊन बाहेर आल्या. काचेवर दिव्याच्या ज्योतीपाशी पिवळट ठसा उमटला होता. सवयीनं त्यांचा हात पदराकडे गेला. मग त्यांनी पदर सोडला, पेला नवऱ्यापुढे ठेवला आणि आज कापी कशी झाली आहे, असं विचारलं.

"बरी आहे," वेणुगोपाळराव म्हणाले.