रणगाड्यातली तिसरी जागा

सासऱ्यांनी उभी हयात गोदीत क्रेन चालवण्यात घालवली होती, त्यामुळे संगणकावरचा रणगाडा त्यांना पहिल्या दिवसापासून जमला. खेळ मुलाने शिकवला. मुलगा परदेशात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर होता, वर्षातून एकदा घरी यायचा. फोनवर बापलेकाचं बोलणं 'जेवलास का'च्या पुढे सरकत नसे. म्हणून मागच्या खेपेला त्याने घरात दोन कॉम्प्युटर मांडून दिले आणि दर रविवारी संध्याकाळी तिघं एका रणगाड्यात बसू लागले. सासरे बाहेरच्या खोलीतून गाडी हाकायचे, सून आतल्या खोलीतून गोळे भरायची, मुलगा तिकडून नेम धरायचा. कानाला हेडफोन लावून सासरे इतक्या मोठ्याने बोलत की सुनेला ते दोनदा ऐकू येत, एकदा हेडफोनमधून आणि एकदा भिंतीतून.

पुढे सुनेचं नेट तुटायला लागलं. खेळ नुकता रंगात यायचा आणि तिच्या पडद्यावर अक्षरं उमटायची: संपर्क तुटला. सासऱ्यांचं मात्र ठणठणीत चालू असे. मुलगा म्हणे, आतल्या खोलीत सिग्नल पोचत नसेल, कशाला एवढा खटाटोप, राहू दे तिला.

पण ती राहू देणाऱ्यांतली नव्हती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तिची नोकरी होती. चावताना कवळी नीट बसत नसेल तर एकेक दात तपासायचा, ही तिथली सवय तिने घरी आणली. आधी कपाटामागचा राउटर काढून दोन खोल्यांच्या मधल्या फळीवर ठेवला. वरचे भाडेकरू त्याच नेटवर सिनेमे बघत, त्यांना रविवारचा तेवढा वेळ बंद ठेवायला सांगितलं. त्यांनी नाक मुरडत का होईना ऐकलं. मग भिंतीच्या कडेने, दाराखालून वायर ओढली. तरी तेच. शेवटी नेटवाला येऊन तपासून गेला. लाइनमध्ये काही खोट नाही, म्हणाला.

सासऱ्यांना चुटपुट लागून राहिली. आपलं नेट पैलवान आणि सुनेचं आजारी, हे त्यांना एकाच पंगतीत दुजाभाव केल्यासारखं वाटे. आपण खेळणंच सोडतो, असंही ते एकदा म्हणाले. तिने ऐकलं नाही. नवऱ्याचा आवाज तिच्याही कानावर आठवड्यातून तेवढाच पडत होता.

राहता राहिला एकच उपाय. त्या रविवारी तिने सासऱ्यांना आपल्या कॉम्प्युटरवर, आपल्याच नावाने बसवलं आणि स्वतः त्यांच्या जागी बसली. त्यांचंही तुटलं तर दोष तिच्या मशीनचा किंवा तिच्या खात्याचा, एवढं तरी कळणार होतं. मुलाला आधी सांगायचं सुचलं नाही. खेळात शिरल्यावर सांगू, असं ठरलं.

खेळ सुरू झाला. तिने रणगाडा जेमतेम झाडीबाहेर काढला असेल, तोच आतल्या खोलीत खुर्ची करकरली.

"गेलं! माझंही गेलं! सापडला चोर, सूनबाई," सासरे आतून म्हणाले. त्यांचा आनंद आवाजात मावत नव्हता.

त्याच वेळी तिच्या कानात नवरा बोलत होता. कित्येक महिन्यांत तिने त्याचा इतका मऊ आवाज ऐकला नव्हता.

"काढलं तिला, बाबा. आता दोघंच आहोत. नेटला काही झालेलं नाही, खेळ माझ्या खात्यावर आहे, मीच काढतो तिला दर वेळी. कधीपासून सांगायचंय तुम्हाला, पण ती असली की माझी जीभ रेटत नाही, आणि तिला काढलं तरी आजवर धीर झाला नाही." तो थांबला. "मी इथे दुसरं घर मांडलंय, बाबा. तिला कसं सांगू, तुम्हीच सांगा."

रणगाडा उघड्या मैदानात उभा होता. तिची बोटं कळांवरून उचलली गेली होती.

"बाबा? ऐकताय ना?"

"बाबा आत आहेत," ती म्हणाली. "मी ऐकलं."

तिने हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला. सासरे हसत दारात आले, आणि तिचा चेहरा बघून तिथेच थबकले.

"नेट चांगलं आहे, बाबा," ती म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही." मग जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. सासऱ्यांनी हेडफोन कानाला लावून पाहिला, पण पलीकडे कुणी नव्हतं.

रात्री त्यांनी मुलाला फोन लावला. त्या दिवशी ते इतकं हळू बोलले की भिंतीतून एक शब्द आला नाही.

लॅबजवळ एक खोली मिळेपर्यंत सून तिथेच राहिली. दोघं एकमेकांचं जेवण झाकून ठेवत आणि वेगवेगळ्या वेळी जेवत. ती निघाली तेव्हा तिच्या पेट्या सासऱ्यांनीच गाडीत चढवल्या.

"हे घर तुझंच आहे, असं म्हणायला मला तोंड उरलं नाही, पोरी."

"तुमच्याशी माझं काही बिनसलेलं नाही, बाबा," ती म्हणाली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने धीर धरला.

मग ते अधूनमधून लॅबवर येऊ लागले. कवळी हलतेय, म्हणायचे. कवळी घट्ट बसलेली असे. तरी ती हातात घेऊन धुवायची, जरा पॉलिश करून द्यायची, आणि तेवढ्यात दोघांचं काहीबाही बोलणं व्हायचं. मुलाचा विषय कुणी काढत नसे.

एके दिवशी कवळी तिच्या हातात होती, तेव्हा रुमाल तोंडापुढे धरून ते बोबड्या शब्दांत म्हणाले, "तो दर रविवारी बोलावतो खेळायला. मी जात नाही. पण मला एकच मुलगा आहे गं."

ती कवळीकडे बघत राहिली. बाजूच्या टेबलावर कुणीतरी मशीन सुरू केलं, बंद केलं.

"खेळा, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, कवळी तोंडात बसवली आणि टोपी घालून निघून गेले. त्यानंतर त्यांची कवळी कधी हलली नाही.