पेल्यावर चमचा

चष्मेवाल्याला कशाकशाची किळस यावी याला काही धरबंध नव्हता, पण सगळ्यात जास्त यायची ती चुकीच्या इंग्रजीची. समोरच्या लाँड्रीच्या पाटीवर एक अक्षर जास्त पडलं होतं, तर हा पठ्ठ्या रोज दुकानाचं शटर उघडताना तिकडे पाठ करून उभा राहायचा. एखादं गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं आणि मोडकंतोडकं इंग्रजी फाडायला लागलं की याच्या डोक्यात तिडीक जायची. स्वतः मात्र मन लावून शिकलेला. काचा घासता घासता जाडजूड शब्दकोश वाचायचा आणि एखादा वाक्प्रचार आवडला की दिवसभर तोंडात घोळवायचा. त्याचं वेड खरं होतं, एवढं कबूल करायलाच हवं.

आणि नेमकी घरातच त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ताई त्याच्याकडेच राहायची, दुकानामागच्या दोन खोल्यांत. तिचा मुलगा परदेशात, नात तिकडेच जन्मलेली, आणि त्या पोरीला इंग्रजीशिवाय एक अक्षर कळत नव्हतं. मुलाला आणि सुनेला तिला शिकवायला वेळ मिळाला नव्हता म्हणे. दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा. ताई फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि बेधडक सुरू व्हायची. कॅट कम, मिल्क फिनिश, आय रन, कॅट रन! सोबत हातवारे, मांजराचे आवाज, पडल्याचं नाटक. पलीकडे पोरगी हसून हसून लोळायची आणि अजून सांग म्हणून हट्ट धरायची. पडद्याआड फ्रेमचे स्क्रू पिळत बसलेल्या चष्मेवाल्याला मात्र अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

एकदा त्याला राहवलं नाही. पोरगी मोठी झाली की हसेल तुला, असं त्याने ताईला सुनावलं आणि शनिवारी तिला आपल्या इंग्रजी संभाषण मंडळात घेऊन गेला.

मंडळ भरायचं एका शाळेच्या रिकाम्या वर्गात. अध्यक्ष निवृत्त हेडक्लार्क. नियम एकच, पण कडक. प्रत्येकापुढे स्टीलचा पेला आणि चमचा. एकाने उभं राहून इंग्रजीत बोलायचं, बाकीच्यांनी कान टवकारून बसायचं. चूक सापडली की पेल्यावर चमचा वाजवायचा, आणि बोलणाऱ्याने मुकाट्याने पहिल्यापासून सुरुवात करायची. यामुळे झालं असं होतं की मंडळात कुणी कुणाला काही सांगतच नसे. पाठ केलेली चार गुळगुळीत वाक्यं म्हणायची, मध्ये एखादा वाक्प्रचार ठोकून द्यायचा आणि सुटलो म्हणून बसायचं. खरी गंमत ऐकणाऱ्यांची. चमचा वाजवण्यात चष्मेवाला तिथला हुकमी एक्का होता.

त्या दिवशी ताई उभी राहिली. मोठ्या हौसेने, नातीबद्दल सांगायला. दुसऱ्याच शब्दाला चमचा वाजला, आणि लपवायचं कशाला, तो चष्मेवाल्यानेच वाजवला. ताई हसली, पहिल्यापासून बोलू लागली. पुन्हा चमचा. मग सगळ्यांनाच चेव आला. अध्यक्षांच्या मिशांना बिस्किटाचा चुरा लागलेला, डोळे चमकताहेत, चमचा आधीच उचलून धरलेला. टायपिंग शिकवणाऱ्या बाई तर ताईने तोंड उघडायची वाट बघत ओठांवरून जीभ फिरवत होत्या. आणि चष्मेवाल्याला पहिल्यांदाच शिसारी आली ती चुकांची नव्हे, या माणसांची. शी! ताटाभोवती घोंघावणाऱ्या माश्या नुसत्या. पण त्याच्या हातातही चमचा होता, आणि तो खाली ठेवायचं काही त्याला सुचलं नाही.

ताई नातीच्या नावापलीकडे पोचलीच नाही. परत येताना वाईट वाटून घ्यायचं सोडून उलट त्यालाच म्हणाली की तुझं बरोबर होतं, मी नीट शिकते. पुढचे सगळे शनिवार ती न चुकता गेली. स्वयंपाक करताना पुटपुटायची, अडली की थांबायची, पुन्हा पहिल्यापासून. चष्मेवाला ऐकायचा आणि त्याच्या तोंडाची चव जायची. ताई, नको जाऊस, एवढं म्हणायला जीभ रेटत नव्हती. आपणच नेलं होतं ना.

मग एका रविवारी फोन आला. ताईने केस विंचरून घेतले, ताठ बसली. एक वाक्य सुरू केलं, अर्ध्यात थबकली, मान हलवली, पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा थबकली. पुन्हा पहिल्यापासून. हात मांडीवर घट्ट धरलेले. पोरगी आधी हसायला तयार होऊन बसली होती. मग नुसतीच बघत राहिली. मग मागे वळून तिने बापाला हाक मारली आणि तिच्या इंग्रजीत सांगितलं की फोन बिघडलाय, आजी सारखी अडकतेय. बापाने तिकडे काहीतरी दाबून पाहिलं, रेंज नसेल म्हणाला, नंतर करतो म्हणाला आणि फोन बंद झाला.

चष्मेवाल्याला स्वतःची इतकी किळस आली की हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने फेकून दिला. पडदा बाजूला सारून आत आला, फोन उचलला, स्वतःच परत लावला आणि ताईच्या समोर धरला.

"ताई, बोल. तुझं नेहमीचं बोल. मांजराचं सांग तिला."

पलीकडे पोरगी दिसली, अगदी जवळ, डोळे मोठे करून बघणारी. ताईने तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मग फोन हळूच त्याच्याकडे सरकवला.

"तूच बोल रे," ती म्हणाली. "माझं चुकेल."